रुमेनाचा अभ्यास, कोसाराचं पोट

“हात काढ.”

“आई, मी दाबत नाहीये. नुसता ठेवलाय.”

“नुसता ठेवला तरी तो हातच. काढ.”

“काढते. पण मग तुम्हीही लावायचा नाही. तुम्ही नाही, ल्युबिंकाकाकूंनी नाही, आणि ते मडकं तर मुळीच नाही.”

“पोट माझं, मडकं माझं. मध्ये तू कोण?”

“सून.”

“सून असतीस तर मडकं धरायला आली असतीस. तू परीक्षक होऊन आलीयस.”

कोसारा स्वयंपाकघरातल्या कोचावर उताणी पडली होती. पोलकं वर, लोकरीचा घागरा खाली सरकवलेला, मधे पांढरं मऊ पोट, आणि उजव्या हातात पेटलेली सिगारेट, जिची राख ती बरोबर कोचाशेजारच्या बशीत झटकत होती. शेजारची ल्युबिंका एका हातात छोटं मातीचं मडकं आणि दुसऱ्या हातात बटाट्याच्या कापावर रोवलेली मेणबत्ती घेऊन चुलीपाशी ताटकळली होती. सून रुमेना जमिनीवर गुडघे टेकून. आणि मी दारात. आदल्या दिवशी त्यांच्याकडून आलेली बशी परत द्यायला गेले होते. बशी रिकामी परत देत नाहीत म्हणून तिच्यात अक्रोडाच्या वड्या होत्या. ती कुणी हातातून घेईना, बस म्हणेना. आमच्या गल्लीत आलेल्या माणसाला कॉफी विचारायची राहिली, तर समजायचं की घरात खरंच काहीतरी झालंय.

कोसाराची तार सरकली होती. निदान कोसारा तसं म्हणत होती. रुमेना म्हणत होती, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय, तिच्यावर मडकं बसवायचं नाही, आत्ताच्या आत्ता गाडीत बसून नीश शहरातल्या इस्पितळात जायचं. राडिशा, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, अंगणात गाडीचं इंजिन गरम करत बसला होता. फेब्रुवारीत ती गाडी लवकर चालू होत नाही. शिवाय त्याला घरात बसण्यापेक्षा ते बरं वाटत होतं.

तार म्हणजे बेंबीची तार. शाळेत शिकवत नाहीत, पण आमच्याकडे ती प्रत्येकाला असते. जड गोणी उचलली, एकदम दचकलं, की ती बेंबीवरून हलते. मग अन्न गोड लागत नाही, पाय गळून जातात, पोटात ओढल्यासारखं होतं. डॉक्टर तपासतो आणि म्हणतो काही नाही. मग माणूस कोसाराच्या अंगणातल्या बाकावर येऊन बसतो. कोसारा तीन बोटं बेंबीवर ठेवून ठोका शोधते, तेल लावून कडेकडून मधे आणत पोट चोळते, मेणबत्तीवर मडकं उपडं घालते, मडकं पोट ओढून धरतं, तार जागेवर येते. लोक कॉफीचा पुडा, साखर, लोकरीचे मोजे ठेवून जातात. मलाही लहानपणी दोनदा नेलं होतं. बरंही वाटलं होतं. अर्धा तास कुणी गरम हातांनी पोट चोळून दिलं तर कुणाला बरं वाटणार नाही.

हे काम कोसाराला तिच्या सासूनं दिलं. दिलं म्हणजे सोपवलं. एकदा सोपवलं की देणाऱ्याचा हात रिकामा होतो, असं मानतात, म्हणून उगाच कुणी देत नाही. आणि मागितल्याशिवाय तर नाहीच. कोसारा वाट बघत होती की सून कधीतरी मागेल. सुनेनं मागितलं नाही. तिनं पुस्तक मागवलं.

रुमेना डोंगरातल्या गावची. लग्नाआधीपासून पँटच्या कारखान्यात होती, चेन बसवायच्या ओळीत. कारखाना बंद पडला तेव्हा तिला घरी आणायला एक शिवणयंत्र मिळालं आणि मानेचं दुखणं. काही वर्षं तिनं गल्लीतल्या सगळ्यांच्या पँटी लांड्या केल्या, रुंद केल्या. मग गरम झऱ्यांवरच्या मोठ्या हॉटेलात फरशी पुसायला लागली. तिथे मालीशच्या खोल्या. ओल्या फरशीवर कपडा फिरवता फिरवता ती मालीशवाल्यांचे हात बघायची. दोघी मालीशवाल्या एकामागून एक ऑस्ट्रियाला निघून गेल्या तेव्हा मॅनेजर हिला म्हणाला, “कागद आण, टेबल तुझं.”

कागद म्हणजे अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र. अर्धा भाग घरून करायचा, शरीररचना आणि शरीराचं काम. धडे फोनवर, चाचण्या फोनवर, एक जाड पुस्तक टपालानं. तो पास झालात तर नीशला जाऊन हाताचं काम.

तिनं हे घरात सांगितलं तो रविवार होता, रश्श्याची वाटी अजून फिरत होती.

“कसला अभ्यास?” कोसारानं विचारलं.

“शरीराचा. हाडं, स्नायू, रक्त. मालीश करायला लागतो.”

“या घरात मालीश शिकायला पुस्तक आणलंस?”

“कागद लागतो, आई. तुमच्याकडे कागद नाही.”

“माझ्या सासूकडेही नव्हता. तिच्याकडे मंत्री आला होता पोट घेऊन.”

“कुठला मंत्री?”

“तेव्हाचा.”

राडिशा म्हणाला, “मीठ द्या इकडे.” या घरातलं त्याचं बहुतेक बोलणं मीठ मागण्याच्या जातीचं असतं.

फ्रीजवर सांगाड्याचं चित्र लागलं. कोसारानं दुसऱ्या दिवशी त्याच्या कमरेवर लिंबाच्या आकाराचं चुंबक लावलं, जरा तरी लाजलज्जा हवी म्हणून. रुमेना कानात वायर घालून पिठाचे पापुद्रे लाटायची आणि पुटपुटायची. तिच्या पुटपुटण्यावरून कोसाराला शंका यायची की सून शिव्या देतेय. एकदा तिनं मला भिंतीवरून हाक मारून विचारलं, “स्टर्नोक्लायडोमास्टॉइड म्हणजे वाईट काही आहे का गं?”

स्नायू रुमेनाला लवकर कळले. ती म्हणायची, “कापडच आहे ते. उभा धागा, आडवा धागा. धाग्याच्या बाजूनं ओढलं तर सरळ ताणतं, तिरकं ओढलं तर भलतीकडे पसरतं.” मांडीवरून तिरका उतरणारा एक लांब स्नायू आहे, पुस्तकात त्याला शिंप्याचा स्नायू म्हणतात, कारण तो शिंप्यासारखं मांडी घालून बसायच्या कामाचा. त्या दिवशी ती एवढी खूश झाली की तिनं शिवणयंत्रावर बसून दोन्ही पाय वर घेतले आणि आम्हाला तो दाखवला.

पेशी आणि मूत्रपिंड मात्र तिला छळायचे. पडद्यातून पाणी मिठाकडे जातं, हे वाक्य तिनं किती वेळा वाचलं कोण जाणे. मग एक दिवस पुस्तक हातात घेऊनच तळघरात उतरली आणि आंबवायला घातलेल्या कोबीच्या पिंपाचं झाकण काढलं. ऑक्टोबरात कोरडे कोबी आणि मीठ घातलं होतं, आणि आता पिंप काठोकाठ पाण्यानं भरलेलं. तिथूनच ओरडली, “राडिशा, मूत्रपिंड कळलं.” तो वरून म्हणाला, “येताना एक कोबी आण.”

पहिल्या चाचणीत ती जवळजवळ नापास झाली. प्रश्न होता, मानेचे स्नायू आखडण्याची कारणं लिहा. तिनं पहिलं कारण लिहिलं: समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्यानं लागणारा वारा. दुसरं: ओल्या केसांनी त्याच वाऱ्यात बसणं. तिसरं: बसमध्ये कुणीतरी मागची खिडकी उघडणं. शिकवणाऱ्या बिसेर्काबाईंनी फोनवर तिन्ही उत्तरं खोडली.

“हे एकच कारण तुम्ही तीनदा लिहिलंय आणि ते कारणच नाही.”

“मग काय आहे?”

“एका स्थितीत तासन्‌तास बसणं. शिलाईयंत्रावर, उदाहरणार्थ.”

“ते तर आहेच,” रुमेना म्हणाली, “पण माझ्या पाठीमागे दार असायचं.”

बिसेर्काबाई फोनच्या पडद्यावर हसल्या, आणि हसता हसता उठून आपल्या मागची खिडकी लावून आल्या.

पाठ शिकायला पाठ लागते. तिनं राडिशाची घेतली. आधी शिंप्याच्या खडूनं रेघा मारल्या, पण तो कुशीवर वळला की ट्रॅपेझियस चादरीवर उतरायचा. मग तिनं मार्कर आणले. काळ्यानं सीमा, निळ्यानं नावं, स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो ते लाल बाणांनी. राडिशा पालथा पडून फुटबॉल बघायचा, त्याला काही त्रास नव्हता. शनिवारी तो विसरला आणि नेहमीप्रमाणे हमामात पुरुषांच्या पाळीला गेला. आमच्याकडचा हमाम जुना, घुमटाखाली एकच कुंड, सगळे त्यात बसलेले. तो पाठ फिरवून पायऱ्या उतरला आणि कुंड गप्प झालं.

“राडिशा, लेका, हे काय, पाठीवर नकाशा?”

“कसायाच्या दुकानात असा तक्ता असतो. हा भाजायला, हा रश्श्याला.”

“रुमेना तुला तुकड्यांनी विकणार वाटतं.”

“हा लॅटिसिमस काय भावानं आहे? मला अर्धा किलो पुरे.”

गरम पाण्यानं मार्कर निघाला नाही. तो घरी आला तो सरळ म्हणाला, “उद्यापासून आईची पाठ घे.” कोसारा खिडकीशी सिगारेट ओढत होती. ती म्हणाली, “माझ्या पाठीवर माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी काही लिहिलं नाही.”

नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांच्याकडे डुक्कर कापलं. पुरुष चरबी वितळवायची कढई मांडून बसले होते, मांस लवकर हवं होतं, आणि रुमेना हातात फुप्फुसं घेऊन सगळ्यांना पडदा कुठे सुटतो ते दाखवत होती. “ही कढई गार होतेय, डॉक्टरीणबाई,” राडिशाचा मामा म्हणाला. तिनं लक्ष दिलं नाही. मग तिनं पाठीच्या कण्याला चिकटलेली जाड पांढरी नळी सोडवून काढली, धुतली आणि दोन्ही हातांनी ताणली. नळी ताणली गेली आणि सोडल्यावर परत आखूड झाली.

“इलॅस्टिक,” ती म्हणाली. “हृदयातून निघते ती ही. महाधमनी. बघा आई, पँटच्या कमरेला घालायचो तसलं इलॅस्टिक. प्रत्येक ठोक्याला ताणायचं आणि परत यायचं. जन्मभर.”

“आणि ते जुनं झालं की?” कोसारानं विचारलं. थट्टेत विचारलं होतं.

“पुढे आहे तो धडा,” रुमेना म्हणाली.

तो धडा फेब्रुवारीत आला. ठोक्यांचा गृहपाठ होता: घरातल्या एका माणसाचे ठोके शोधा, मनगट, मान, जांघ, गुडघ्यामागे, पावलावर, आणि शेवटी अगदी हलक्या हातानं पोटावर. राडिशा लाकडं आणायला गेला होता. कोसारा स्वतःहून म्हणाली, “ये, माझे शोध. मनगट तरी सापडतंय का बघू.”

मनगट सापडलं. मान सापडली. पावलाचा ठोका शोधताना कोसाराला गुदगुल्या झाल्या आणि तिनं सुनेला लाथ मारली. दोघी हसल्या, हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. त्या घरात दोघी एकदम हसल्याचं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मग पोट आलं आणि आवाज थांबला.

ठोका बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला होता. शोधावा लागलाच नाही. रुमेनानं दोन्ही हातांची बोटं शेजारी शेजारी टेकवली आणि ती प्रत्येक ठोक्याला एकमेकांपासून लांब गेली.

“इथे नेहमीच असं होतं?”

“तार सरकलीय. आलूबुखारे उतरवायच्या वेळी पेटी उचलली ना, तेव्हापासून. मी लावते अधूनमधून. ऐकत नाही.”

“पाठ दुखते?”

“कोणाची दुखत नाही?”

धड्यात लिहिलं होतं ते रुमेनानं मला नंतर वाचून दाखवलं. ठोका बोटांना वर उचलत असेल तर ठीक. बोटांना दोन बाजूंना ढकलत असेल तर हात काढा, दाबू नका, चोळू नका, डॉक्टरकडे पाठवा. तिनं बिसेर्काबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “मी डॉक्टर नाही, रुमेना, आणि तुम्ही तर अजून कुणीच नाही. पण मी तिथे असते तर त्यांना आजच नेलं असतं. पोटावर कुणी हात ठेवू देऊ नका.”

गावातल्या दवाखान्यातला डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर होता. म्हणजे नीश. कोसारा म्हणाली, “उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी सकाळी रुमेना हॉटेलात निरोप पाठवून घरीच राहिली, आणि तरी ती कोंबड्यांना दाणे टाकून येईपर्यंत कोसारानं ल्युबिंकाला मडकं घेऊन बोलावलं होतं.

आणि मी बशी घेऊन पोचले.

“एक सांग,” कोसारा कोचावरून म्हणाली. “मी इतकी पोटं हातांखालून घातली. तू एक घातलंस. कुणाला जास्त कळतं?”

“तुम्हाला.”

“मग?”

“तुम्हाला ठोका जास्त कळतो, आई. तो कशाचा आहे ते नाही कळत.”

ल्युबिंकानं मेणबत्ती या हातातून त्या हातात घेतली. “अगं रुमेना, एकदा लावून तर बघू. नाही आली जागेवर तर जा म्हणावं नीशला. मडक्यानं आजवर कुणी मेलंय का?”

“काकू, तुमच्या जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक गेलेलं असलं तर काय होतं?”

“घसरतो.”

“आणि सैल जागा धरून आणखी ओढलं तर?”

“फाटतो,” ल्युबिंका म्हणाली आणि तिनं कोसाराकडे बघितलं.

“पायजमे काय काढतेस माझ्या पोटावरून,” कोसारा म्हणाली. “सरळ बोल. माझं सगळं खोटं होतं, असं म्हणायचंय तुला. तार नाहीच. मी लोकांच्या बेंब्यांशी खेळत बसले.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“पुस्तकात आहे का तार?”

“नाही.”

“झालं तर.” कोसारानं सिगारेट बशीत दाबली, जरा जास्तच. “मी नीशला गेले की उद्या गावभर होईल. कोसाराची स्वतःची तार डॉक्टरनं लावली. बाकावर कोण बसेल मग? कावळे.”

“बसूदेत कावळे. तुम्ही असाल ना बघायला.”

“तू मला एकदा तरी विचारलंस? ‘आई, तुमचं काम मला द्या’ म्हणून? माझ्या सासूपुढे मी तीन वर्षं नाक घासलं.”

“दिलं की हात रिकामा होतो म्हणता ना तुम्ही? मग मी काय मागायचं? तुमचे हात?”

“ते मी बघितलं असतं.”

बाहेर इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. राडिशानं दारातून, माझ्या खांद्यावरून, डोकं आत घातलं. “गाडी चालू आहे. बंद करू की ठेवू?”

“ठेव,” रुमेना म्हणाली.

“बंद कर,” कोसारा म्हणाली.

तो गेला आणि त्यानं काहीच केलं नाही.

रुमेना उठली. तिनं टेबलावरचा पोळपाट आणि पिठाचं पातेलं बाजूला सरकवलं, स्वेटर वर केला आणि टेबलावर आडवी झाली. शिवणकाम करणारीचं टेबल ते, भक्कम.

“हे काय आता?” कोसारा म्हणाली.

“माझं पोट बघा.”

“तुला काय धाड भरलीय. तुझी तार जागेवर आहे.”

“तरी बघा. तुमच्या पद्धतीनं.”

कोसारा पोलकं खाली ओढून उठली, हात एकमेकांवर चोळले, कारण गार हात ती कधीच कुणाला लावत नाही, आणि तीन बोटं सुनेच्या बेंबीवर ठेवली. तिचा चेहरा बदलला. बाकावरच्या माणसांपुढे असायचा तसा झाला, कुठेतरी लांब बघणारा.

“आहे,” ती म्हणाली. “जागेवर. सकाळी काही खाल्लं नाहीस.”

“केवढी आहे?”

“करंगळीएवढी. वर येते, बसते.”

“बाजूला ढकलते?”

“बाजूला कशाला ढकलेल?” मग तिनं न सांगताच रुमेनाचा हात धरला, तिची बोटं आपल्या बोटांच्या जागी ठेवली आणि वरून आपला तळवा टेकवला. “असं. दाबायचं नाही. तू दाबतेस. नुसतं थांबायचं, ते आपण होऊन येतं.”

ल्युबिंकानं माझ्याकडे बघितलं. कोसारानं कुणाचे हात असे धरून दाखवल्याचं आम्ही दोघींनी कधी बघितलं नव्हतं.

“आलं,” रुमेना म्हणाली. “आता तुमच्यावर, आई. एकदाच. असंच, न दाबता. तुम्ही स्वतः.”

कोसारा कोचावर परत आडवी झाली. पोलकं वर केलं. दोन्ही हातांची बोटं बेंबीच्या वर शेजारी शेजारी टेकवली आणि डोळे मिटले. मी दारातून बघत होते. तिची बोटं हलत होती. ती हलवत नव्हती. एक ठोका, आणि दोन्ही हातांमधे फट पडायची. मिटायची. पुन्हा पडायची.

ल्युबिंकानं मेणबत्ती फुंकून टाकली आणि मडकं चुलीच्या मागे ठेवलं.

कोसारानं डोळे उघडले.

“असं पोट मी एकदा बघितलंय,” ती छताकडे बघत म्हणाली.

“कुणाचं?”

“सिमेओनचं. वरच्या गिरणीवाल्याचं. तू तेव्हा या घरात यायची होतीस.” तिनं हात पोटावरून उचलले. “दर आठवड्याला यायचा. म्हणायचा, कोसारा, माझी तार हट्टी आहे, जोरात लाव. मी लावायचे. त्याला बरं वाटायचं थोडं. म्हणून मी आणखी जोर करायचे.”

ल्युबिंका चुलीकडे तोंड करून उभी होती. तिला ठाऊक होतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

“मग?” रुमेना टेबलावरून उठून बसली. “त्याचं काय झालं, आई?”

कोसारा उठली. पोलक्याची बटणं लावली, एक चुकलं, ते काढून परत लावलं. कपाटामागे हात घालून तिनं एक कापडी पिशवी ओढून काढली. वर सपाता दिसत होत्या, खाली घडी केलेला रात्रीचा झगा, आणि कडेला कॉफीचा नवा पुडा, इस्पितळातल्या नर्सना द्यायचा असतो तसा. पिशवी त्या सकाळी भरलेली नव्हती, बरीच आधीची होती. झग्याच्या घड्या बसल्या होत्या.

रुमेनानं पिशवीकडे बघितलं, मग सासूकडे. “आई. सिमेओनचं काय झालं?”

कोसारानं खुंटीवरचा कोट घेतला, डोक्याला रुमाल बांधला, गाठ हनुवटीखाली नीट ओढून घेतली. माझ्याजवळून जाताना बशीतली एक वडी उचलून कोटाच्या खिशात टाकली. बाहेर बाकावर दोन बायका आपलं पोट घेऊन बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. ती त्यांच्यामधून गाडीकडे चालत गेली.